आईच्या गोळ्या आणि वाढलेला एसजीपीटी

प्रश्न : माझ्या आईचे वय ६३ आहे. संधिवातासाठी ती तीन वर्षांपासून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. कोलेस्टेरॉलसाठीचे ॲटोर्वास्टॅटिन आणि मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन त्याहूनही जुने आहे. दर तीन महिन्यांच्या तपासणीत तिचा एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतला एक आकडा) आजवर ३० च्या आसपास असे. या वेळी तो २१२ आला. लॅबची मर्यादा ४० आहे. अल्कलाइन फॉस्फटेज ११८ (मर्यादा १२०) आणि बिलिरुबिन ०.८ आहे. आईला काहीही त्रास नाही. डॉक्टरांनी या आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी थांबवायला, बाकीची औषधे चालू ठेवायला आणि सात दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले. त्या रात्री मी ‘लिव्हरटॉक्स’ या औषधे व यकृत यांविषयीच्या संकेतस्थळावर एकेक नाव शोधले, तेव्हा मेथोट्रेक्सेट आणि ॲटोर्वास्टॅटिन दोन्ही ‘ए’ श्रेणीत दिसली. पाच आठवड्यांपूर्वी दाढ काढल्यावर आईने सात दिवस घेतलेले अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटही ‘ए’ श्रेणीतच आहे. याशिवाय नऊ आठवड्यांपासून ती सांध्यांसाठी हळदीच्या अर्काची कॅप्सूल घेते; ते काही औषध नव्हे, म्हणून डॉक्टरांना सांगितले नव्हते. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात सर्दी-तापासाठी दोन प्रकारच्या गोळ्याही झाल्या. सगळ्याच गोळ्या बंद कराव्यात, असे मला वाटते. भाऊ म्हणतो, लॅबचीच चूक असेल. मावशींनी एक लिव्हर टॉनिक सुचवले आहे. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात यकृताला घातक ठरू शकणारी सहा-सात नावे आहेत, पण डॉक्टरांपर्यंत त्यांतली तीनच पोहोचली आहेत. म्हणून आधी एवढे करा. हळदीच्या अर्काची कॅप्सूल आज रात्रीपासून बंद करा. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून ती कॅप्सूल, दाढेनंतरचे अँटिबायोटिक आणि सर्दी-तापाच्या गोळ्या या तिन्ही गोष्टी तारखांसह सांगा. सात दिवसांनी होणाऱ्या भेटीची वाट पाहू नका. मेथोट्रेक्सेट थांबवण्याचा त्यांचा निर्णय योग्य आहे, आणि ते पुन्हा कधी व किती मात्रेने सुरू करायचे हेही त्यांनीच ठरवायचे आहे. मधुमेहाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. अनेक वर्षे निमूटपणे सोसलेली औषधे एका रात्रीत गुन्हेगार ठरवून बंद केली, तर यकृताचा प्रश्न सुटायच्या आधी रक्तातल्या साखरेचा दुसरा प्रश्न उभा राहील. शिवाय सगळे एकदम बंद केल्यावर पुढचा अहवाल सुधारला, तरी तो कशामुळे सुधारला हे कोणालाच कळणार नाही.

आता आकड्यांकडे वळू. एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, हे यकृताच्या पेशींमधले एन्झाइम आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात गळते. यकृताला इजा होत आहे एवढे त्यावरून कळते, यकृत काम करते आहे की नाही हे मात्र कळत नाही. ते सांगणारे आकडे बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) आणि रक्त गोठण्याच्या वेळेशी संबंधित आयएनआर हे आहेत. आईचे बिलिरुबिन ०.८ आहे, आणि त्या संपूर्ण कागदावरची माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नोंद तीच आहे. हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणातून असे दाखवून दिले की औषधामुळे यकृताच्या पेशींना इजा होऊन कावीळही झाली, तर साधारण दहांपैकी एका रुग्णाचा जीव जाऊ शकतो. एएलटी मर्यादेच्या तिप्पट आणि बिलिरुबिन दुपटीच्या पलीकडे, या जोडीला आज त्यांच्याच नावाने ‘हायचा नियम’ म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही त्याचा आधार घेतला आहे. आईच्या अहवालात या जोडीतला पहिला भाग आहे, दुसरा नाही. आयएनआर झाला नसेल तर पुढच्या तपासणीत तो करून घ्यावा का, हे डॉक्टरांना विचारा.

आणखी एक छोटे गणित तुम्हाला घरीच करता येईल. एसजीपीटी मर्यादेच्या किती पट आहे ते काढा : २१२ भागिले ४०, म्हणजे ५.३. अल्कलाइन फॉस्फटेज हे पित्ताचा प्रवाह अडला की वाढणारे एन्झाइम; त्याचेही तसेच करा : ११८ भागिले १२०, म्हणजे जवळजवळ १. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की सुमारे ५.४ येतात. हे गुणोत्तर ५ किंवा अधिक असेल तर इजा मुख्यतः यकृताच्या पेशींना झाली आहे असे मानतात. २ किंवा कमी असेल तर पित्ताचा प्रवाह अडल्याची शक्यता मोठी, आणि मधले आकडे संमिश्र. वेगवेगळी औषधे वेगवेगळ्या पद्धतीने इजा करतात, म्हणून तपास करणाऱ्याला या गुणोत्तराचा उपयोग होतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट वयस्कर माणसांत बहुधा पित्ताचा प्रवाह अडवते; आईच्या अहवालाचा नमुना तसा नाही. तेवढ्याने ते निर्दोष सुटत नाही, कारण त्याच्यामुळे होणारी इजा औषध संपल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही दिसू शकते. पण संशय थोडा हलका होतो.

तुमच्या झोपेचे खोबरे ज्या ‘ए’ श्रेणीने केले, तिचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. लिव्हरटॉक्स हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ साली सुरू केलेला, कोणालाही विनामूल्य वाचता येणारा माहितीकोश आहे. एक हजाराहून अधिक औषधे, वनौषधी आणि पूरक आहाराची उत्पादने यांच्या नोंदी त्यात आहेत, आणि विषयाची ओळख करून घ्यायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. मात्र त्यातली श्रेणी एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर देते : हे औषध यकृताला इजा करू शकते, याचा पुरावा किती पक्का आहे? वैद्यकीय साहित्यात पन्नास किंवा अधिक खात्रीलायक रुग्ण नोंदले गेले की औषध ‘ए’ होते. १२ ते ४९ असतील तर ‘बी’, ४ ते ११ असतील तर ‘सी’, एक ते तीन असतील तर ‘डी’. ते औषध घेणाऱ्या किती जणांपैकी किती जणांना त्रास होतो, हे या अक्षरावरून कळत नाही. पन्नास रुग्ण पन्नास हजारांतले असोत की पाच कोटींतले, अक्षर तेच राहते. त्यामुळे जुनी, जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलेली औषधे साहजिकच वर चढतात, आणि कालपरवा बाजारात आलेले औषध केवळ फारशा नोंदी नसल्यामुळे सभ्य दिसते.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचेच पाहा. ते ‘ए’ श्रेणीत तर आहेच, आणि औषधजन्य यकृत-इजेच्या अनेक नोंदवह्यांत त्याचा क्रमांक पहिला लागतो. तरीही आइसलँडमध्ये संपूर्ण देशाची पाहणी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते घेणाऱ्या सुमारे २,३५० जणांमागे एकालाच अशी इजा झाल्याचे आढळले. स्टॅटिनची गोष्टही तशीच आहे. थोड्या लोकांत एसजीपीटी किंचित वाढतो आणि बहुधा औषध चालू असतानाच आपोआप खाली येतो. गंभीर इजा इतकी विरळ की स्टॅटिन घेणाऱ्यांची ठराविक काळाने यकृताची तपासणी करण्याची शिफारस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली मागे घेतली. श्रेणीचे अक्षर वाचून पान बंद करू नका. त्याच नोंदीत ‘यकृतावरील विषारी परिणाम’ आणि ‘परिणती व उपचार’ या अर्थाचे जे भाग असतात, ते वाचा. इजा साधारण किती दिवसांनी दिसते, कोणत्या नमुन्याची असते आणि औषध थांबवल्यावर किती दिवसांत ओसरते, ही कामाची माहिती तिथे मिळते.

मात्र माहितीकोश फक्त औषधाविषयी बोलतो. तुमच्या आईविषयी बोलणारा कागद तुम्हालाच तयार करावा लागेल, आणि तो तारखांचा असेल. औषधजन्य इजेचे निदान करणारी कोणतीही एक रक्ततपासणी नाही. डॉक्टर इतर कारणे एकेक करून बाजूला सारतात आणि काळाचा क्रम जुळतो का ते पाहतात. १९९३ साली तयार झालेली आणि २०१६ साली सुधारलेली ‘रुकाम’ नावाची गुणपद्धत याच तर्कावर चालते. तिच्यात औषध यकृताला घातक म्हणून आधीच बदनाम असेल, तर त्याला जास्तीत जास्त दोन गुण मिळतात. औषध सुरू केल्यापासून इजा दिसेपर्यंतचा काळ आणि ते थांबवल्यानंतर आकडे उतरण्याचा वेग, या दोन्हींना मिळून पाच गुण मिळू शकतात. बदनामीपेक्षा तारखांना अधिक मोल आहे ते असे.

एक मोठा कागद आडवा धरा आणि त्यावर गेल्या सहा महिन्यांची रेघ ओढा. आईच्या प्रत्येक औषधासाठी त्याखाली एक स्वतंत्र रेघ, जिथे सुरू झाले तिथून जिथे संपले तिथपर्यंत, मात्रेसह. मेथोट्रेक्सेट, ॲटोर्वास्टॅटिन आणि मेटफॉर्मिनच्या रेघा कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातील. या काळात सगळे अहवाल ठीक होते, ही त्यांच्या बाजूची मोठी साक्ष आहे. मग कॅप्सूलची नऊ आठवड्यांची रेघ, अँटिबायोटिकची सात दिवसांची आखूड रेघ आणि सर्दी-तापाच्या गोळ्यांचे चार-सहा दिवस. सर्वांत वर प्रत्येक रक्ततपासणीची तारीख आणि आकडा लिहा. मलम, डोळ्यांचे थेंब, झोपेची गोळी, शेजारणीने दिलेली पुडी, काहीही गाळू नका. औषधशास्त्राच्या शिकवणीच्या काळात मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे की ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाला रुग्ण अर्धेच उत्तर देतो, उरलेले अर्धे ‘आणखी काय काय घेता?’ असे विचारल्यावर बाहेर येते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी या कागदावर आणखी एक बारकावा हवा : रक्त आठवड्याच्या गोळीनंतर कितव्या दिवशी दिले. गोळी घेतल्यानंतर एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरता चढू शकतो, म्हणून शक्य तेव्हा पुढच्या गोळीच्या आदल्या दिवशी रक्त देणे बरे.

सर्दी-तापाच्या दोन गोळ्यांची पाकिटे घरात अजून असतील तर ती शोधून काढा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. तापाची गोळी ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची असेल आणि आईने ती दिवसातून चार वेळा घेतली असेल, तर २,६०० मिलिग्रॅम झाले. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. ती दिवसातून तीन वेळा घेतली तर आणखी १,५००. एकूण ४,१०० मिलिग्रॅम, म्हणजे निरोगी प्रौढासाठीच्या दिवसाच्या चार ग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या पलीकडे, आणि तेही दोन्ही गोळ्या पाकिटावरील सूचनेप्रमाणे घेऊन. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना रोज चार ग्रॅम पॅरासिटामॉल दिले, तेव्हा त्यांतल्या तिघांमागे एकाहून अधिक जणांचा एएलटी मर्यादेच्या तिपटीहून वर गेला होता. ठरलेल्या मात्रेत हे औषध सुरक्षित आहे. घोळ होतो तो एकच रसायन दोन नावांनी पोटात गेल्यामुळे. आईने नेमक्या किती गोळ्या घेतल्या, ते आठवून कागदावर लिहा.

राहिली कॅप्सूल. हळदीच्या अर्काची कॅप्सूल आणि स्वयंपाकात पडणारी चिमूटभर हळद यांची तुलना होऊ शकत नाही. अर्कात करक्युमिनचे प्रमाण कित्येक पटींनी वाढवलेले असते, आणि ते रक्तात अधिक शोषले जावे म्हणून अनेक उत्पादनांत काळ्या मिरीतले पिपेरीन घातलेले असते. अमेरिकेत २००३ सालापासून काम करणाऱ्या औषधजन्य यकृत-इजेच्या संशोधनजाळ्याने २०२२ साली हळदीच्या उत्पादनांमुळे इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. नऊ जणांत इजेचा नमुना पेशींना इजा झाल्याचाच होता, सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली, आणि एका रुग्णाचा मृत्यू झाला. म्हणजे बहुतेकांना ही कॅप्सूल काहीच करणार नाही, पण ज्याच्या शरीरात ती खूण आहे त्याला ती महागात पडू शकते, आणि तो माणूस कोण हे आधी सांगता येत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत नऊ आठवड्यांचा काळ जुळतो, गुणोत्तरही जुळते. मी दुरून याहून अधिक काही म्हणणार नाही. अ, ब, क आणि ई प्रकारची विषाणूजन्य कावीळ, पित्ताचे खडे, मेदयुक्त यकृत आणि स्वयंप्रतिकारातून होणारी यकृताची सूज ही कारणे डॉक्टरांना आधी बाजूला सारावी लागतील. ‘ई’ची तपासणी बऱ्याचदा राहून जाते, त्याच संशोधनजाळ्याने औषधांमुळे इजा झाली असे मानलेल्या ३१८ रुग्णांचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा ९ जणांत हिपॅटायटिस ईच्या ताज्या संसर्गाची खूण सापडली.

तुमच्या भावाची शंका अगदीच टाकाऊ नाही. नमुन्यांची अदलाबदल होऊ शकते, आणि जोरदार व्यायामानंतर किंवा स्नायूंना मार बसल्यावरही एसजीपीटी वाढतो. त्याची शहानिशा सात दिवसांनंतरची तपासणी करीलच. ती त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे मर्यादा बदलून तुलना बिघडणार नाही. एसजीपीटी रक्तातून साधारण दोन दिवसांत निम्मा होतो, म्हणून गळती थांबली असेल तर आकडा झपाट्याने उतरतो. ‘रुकाम’मध्ये संशयित औषध थांबवल्यापासून आठ दिवसांत वाढ निम्म्याहून अधिक उतरली तर पूर्ण तीन गुण देतात, तीस दिवस लागले तर दोन. पॅरासिटामॉलचा जादा डोस कारण असेल, तर तो थांबून दिवस उलटले असल्याने आताच आकडा बराच खाली आलेला दिसेल. कॅप्सूलमुळे झालेली इजा ओसरायला बहुधा अधिक वेळ लागतो, आणि बंद केल्यानंतरही पहिले काही दिवस आकडा वर जाऊ शकतो. पहिल्याच अहवालात सुधारणा दिसली नाही म्हणून घाबरू नका; पण बिलिरुबिन वाढले, तर डॉक्टरांनी त्याच दिवशी आईला पाहिले पाहिजे.

मावशींना टॉनिकबद्दल नम्रपणे नाही म्हणा. कशामुळे इजा झाली याचा शोध सुरू असताना नवी बाटली उघडणे म्हणजे पंचनामा चालू असताना खोलीत आणखी माणसे सोडण्यासारखे आहे, आणि त्या बाटलीतही कसले तरी अर्कच असतील.

पुढच्या दिवसांत डोळे पिवळसर दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, अन्नावरची वासना उडणे, सतत मळमळ किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काहीही दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आई गोंधळल्यासारखी बोलू लागली, दिवसा पेंगून रात्री जागू लागली, किंवा हिरड्यांतून सहज रक्त येऊ लागले, तर थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.

कॅप्सूलची बाटली फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल, वेष्टन, बॅच क्रमांक आणि खरेदीची पावती एका पिशवीत घालून ठेवा, कारण अशा उत्पादनांत वेष्टनावर लिहिलेले आणि आत असलेले नेहमी एकच असते असे नाही. डॉक्टरांचा संशय पक्का झाला, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या तुमच्या देशातल्या संस्थेकडे त्यांना ही घटना कळवायला सांगा. बऱ्याच देशांत रुग्ण किंवा नातेवाईकही ती कळवू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६८ साली सुरू झालेल्या कार्यक्रमाखाली अशा नोंदी स्वीडनमधल्या उप्साला येथे एकत्र होतात, आणि ‘व्हिजिॲक्सेस’वर त्यांचा गोषवारा कोणालाही पाहता येतो. ते संकेतस्थळ पाहाल तेव्हा एवढेच ध्यानात ठेवा की तिथे संशय मोजलेले असतात, सिद्ध झालेली प्रकरणे नव्हेत. लिव्हरटॉक्ससारखी छाननी तिथे नसते.

आईचा एसजीपीटी पूर्ववत झाल्यावर ‘आता बरी आहे, कॅप्सूल पुन्हा घेऊन पाहू’ असा विचार तिच्या मनात येईल, विशेषतः गुडघे दुखत असतील तेव्हा. तसे करू देऊ नका. ज्या गोष्टीने एकदा यकृताला इजा केली, तिने दुसऱ्या खेपेला ती अधिक लवकर आणि अधिक तीव्रतेने केल्याची उदाहरणे आहेत. सांध्यांचे दुखणे कॅप्सूल शोधण्याइतके वाढले होते, हेही संधिवाताच्या डॉक्टरांना सांगा, कारण मेथोट्रेक्सेट थांबलेले असताना दुखणे आणखी वाढेल आणि त्याची सोय त्यांना आधीच करावी लागेल.